साबण कुठे, किती?

थंडी आली की आमच्या दादीचे पाय खाजू लागत आणि आम्ही आणखी फेसाचा साबण आणून देत असू. चूक आमची होती. साबण मळाबरोबर त्वचेचे तेलही नेतो. उतारवयात ते मुळातच कमी असते. दादी म्हणायच्या, ‘‘साबणाशिवाय पाक कसं व्हायचं?’’ पण गुस्लला पाणी पुरेसे आहे, साबण ही अट नाही. म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी साबण काखा, जांघा, पावले एवढ्यापुरताच ठेवू या. वेष्टनावर टीएफएम, म्हणजे स्निग्धांश, ७६ टक्के किंवा अधिक असलेली वडी पहिल्या प्रतीची. पाणी कोमट घ्यावे, अंग ओलसर असतानाच खोबरेल लावावे. तरीही खाज थांबली नाही, तर डॉक्टरांना दाखवावे.