झाडे मोजली, जंगल कुठे आहे?

पुण्याच्या वेताळ टेकडीवर मध्य अमेरिकेतून आलेल्या गिरिपुष्पाची लागवड झाली. टेकडी हिरवी दिसते, पण त्या दाट सावलीत मूळचे गवत कमीच उगवते. मग गवतातले किडे, पक्षी राहणार कुठे? लागवड मोजता येते, म्हणून सरकारला आवडते. २०१९ साली ३३ कोटींचे उद्दिष्ट होते! जंगल असे मोजून उगवत नाही.

आम्हाला मात्र प्रश्न जमिनीचाही वाटतो. इतक्या झाडांना 'मोकळी' जमीन लागते आणि कागदावर मोकळे दिसते ते गावचे गायरान. १९५९ साली दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांसाठी पडीक जमिनीच मागितल्या होत्या. मित्रांनो, गायरानावर खड्डे खणायला कोणी आले, तर आधी विचारा: ही जमीन आज कोण कसतो?