पर्यावरणाचा पेपर आणि लोणारचे पाणी

चिखली-खामगाव मार्गावरील अमडापुरातून पदवीसाठी बाहेर पडणारा विद्यार्थी कला शाखेचा असो वा वाणिज्याचा, पर्यावरणाचा पेपर त्याला चुकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर हे शिक्षण अनिवार्य करण्याची दिशा दाखविली आणि २००३ च्या सुमारास विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आखला. हेतू उदात्त होता. घडले ते असे की, ओझोनच्या थराची व्याख्या मुखोद्गत असलेल्या पदवीधराला आपल्या गावचा नाला कोणत्या नदीला मिळतो हे सांगता येत नाही. इतिहासाच्या वर्गात इतिहास, अर्थशास्त्राच्या वर्गात अर्थशास्त्र आणि पर्यावरण मात्र परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात, अशी ही वाटणी आहे.

या वाटणीची किंमत काय असते, ते पाहण्यासाठी बुलडाणा जिल्ह्याबाहेर जाण्याची गरज नाही. लोणार हे काळ्या पाषाणावर उल्का आदळून निर्माण झालेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर. पुराणांनी त्याची कथा लवणासुराच्या वधाशी जोडली. १८२३ मध्ये अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याची नोंद केली आणि ते उल्काघातानेच झाले याचे सबळ पुरावे १९७३ मध्ये पुढे आले. भूगर्भशास्त्रज्ञाला तेथील खडक मोलाचा, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाला खारे पाणी, पुरातत्त्ववेत्त्याला काठावरची मंदिरे, वनखात्याला अभयारण्य आणि भाविकाला कमळजा देवी. प्रत्येकाचा आग्रह रास्त. पण विवर एकच आहे. धारेचे गोडे पाणी तीर्थ म्हणून पूज्य खरे, तथापि गोडे पाणी आणि वस्तीचे सांडपाणी वाढत गेले की सरोवराचा खारटपणा उतरतो आणि त्यावर जगणारी सूक्ष्म सृष्टी धोक्यात येते. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे कारण क्षारप्रिय सूक्ष्मजीवांत शोधले. पाऊस कमी, क्षार अधिक, म्हणून तो रंग. त्याच वर्षी लोणारला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. अलीकडे नेमके उलटे झाले. पाणी वाढून काठावरच्या मंदिरांपर्यंत आले. आता मंदिर वाचवावे की पाणी, असा प्रश्न उच्च न्यायालयापुढे गेल्यावर त्याचे उत्तर कोणत्या एका शास्त्राने द्यावे?

पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी १९६५ मध्ये मुंबईतील व्याख्यानांतून एकात्म मानवदर्शन मांडले. व्यष्टी, समष्टी आणि सृष्टी यांचा तुकड्यांनी विचार करणे हाच पाश्चात्त्य पद्धतीचा दोष, असे त्या दर्शनाचे प्रतिपादन. ते योग्यच आहे. परंतु आपल्या पूर्वजांना सर्व ठाऊक होते, एवढे म्हणून थांबणारे सभांचे वक्तेही दोषमुक्त नाहीत. नवरात्रात प्लास्टिकच्या पिशवीतून निर्माल्य सरोवरात सोडणारा भक्त पाश्चात्त्य विद्यापीठात शिकलेला नसतो. देवराया राखणारी श्रद्धा आणि ही श्रद्धा यांतील अंतर सांगण्याचे काम समाजशास्त्राच्या आणि संस्कृतच्या अध्यापकांचेच होते. त्यांना कोणी विचारले नाही.

एकत्र विचार केल्यास काय साधते, याचा दाखलाही याच जिल्ह्यात आहे. महामार्गाच्या भरावासाठी लागणारी माती आणि मुरूम तलाव व नाले खोल करून घेण्याची योजना ‘बुलडाणा पॅटर्न’ म्हणून ओळखली गेली. रस्ता बांधणाऱ्यास भराव मिळाला, गावाला पाण्याची साठवण. हा विचार पर्यावरणाच्या वर्गात जन्मला नव्हता, आणि तो आजही तेथे शिकविला जात असेल तर आनंदच.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नव्या आराखड्यात क्षेत्रकार्याला स्थान आहे. तेव्हा भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी अमडापूरच्या विहिरींची पातळी दर महिन्याला मोजावी, वाणिज्याच्या विद्यार्थ्यांनी सोयाबीनच्या एका एकराचा खते-फवारणीचा हिशेब मांडावा, मराठीच्या विद्यार्थ्यांनी शिवारांची, ओढ्यांची, झाडांची जुनी नावे वयोवृद्धांकडून टिपून घ्यावीत आणि या तिन्ही वह्या एकाच टेबलावर उघडाव्यात. त्यासाठी वेगळ्या अनुदानाची गरज नाही. आडकाठी आहे ती गुणपत्रिकेची: तीन विभागांनी मिळून केलेल्या कामाचे गुण कोणत्या विभागाच्या रकान्यात लिहायचे, हे आधी प्राचार्यांनी ठरवावे लागेल.