माहूरला एक रात्र राहा

आम्हा यवतमाळकरांना माहूरला 'जाऊन येणं' जमतं, 'राहणं' काही जमत नाही. सकाळी आर्णीमार्गे गाडी काढायची, धनोड्याचा पूल ओलांडला की नांदेड जिल्हा सुरू. रेणुकेचं दर्शन, तांबूल, वेळ उरला तर दत्तशिखर आणि अनसूया. दिवेलागणीला घरी. झालं माहूर!

आणि आपणच ऑनसाइटला गेलो की वीकएंडला काय करतो? डोंगरावरची जुनी गावं शोधत फिरतो. मी सिसिलीतलं एरिचे पाहिलं. त्रापानी या बंदराच्या मागे साधारण साडेसातशे मीटर उंचीवर दगडी गाव, खाली समुद्र. तिथेही मूळची देवीच, व्हीनस. खलाशी तिला मानत. देऊळ गेलं, त्या जागी नॉर्मन लोकांनी किल्ला बांधला. २००५ पासून वर जायला केबल कारही आहे. पण वर गेल्यावर लोक गल्ल्या तुडवतात, बदामाची मिठाई खातात, धुकं उतरेपर्यंत रेंगाळतात.

आता सांगा, माहूरला काय कमी आहे? समुद्र नाही, कबूल :) पण खाली पैनगंगा आहे. साडेतीन पीठांपैकी एक पूर्ण पीठ आहे. पांडवलेणी आहेत, शेख फरीदांचा दर्गा आहे, आणि जिथे फारसं कुणी फिरकत नाही तो रामगड किल्लाही आहे. 'ऐन-इ-अकबरी'त वऱ्हाड सुभ्यातलं एक 'सरकार' म्हणून माहूरची नोंद आहे. रायबागन इथलीच. १६६१ मध्ये उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी कारतलबखानाला कोंडलं, तेव्हा शरण जा असा सल्ला त्याला तिनेच दिला म्हणतात. शाळेत आपण उंबरखिंड शिकलो, पण ही बाई आपल्या शेजारची हे कुणी सांगितलंच नाही.

वर जायला सोयी व्हाव्यात, माझी ना नाही. आईच्या गुडघ्यांचा प्रश्न आहे. पण नुसती सोय वाढली तर दोन तासांचं दर्शन एका तासात उरकेल, एवढंच. गावात पैसा राहतो तो मुक्काम करणाऱ्यांचा. खोली, जेवण, किल्ला दाखवणारा पोरगा... यांना काम मिळालं तर त्या पोरांना आपल्यासारखं पुण्याच्या ट्रॅव्हल्समध्ये बसावं लागणार नाही. आणि किल्ल्यावर माणसं फिरायला लागली, तरच त्याच्या पडक्या भिंतींबद्दल कुणीतरी विचारेल.

तेव्हा मंडळी, दिवाळीत घरी गेलात की एक रात्र माहूरला काढा. दर्शन कराच, पण दुसऱ्या दिवशी सकाळी पायात बूट घालून किल्ल्यावरही जा. व्हिसा लागत नाही!