परदेशातला मुक्काम आणि लायसन्सवरचा पत्ता

आपल्या समाजातल्या कितीतरी घरांत एक तरी माणूस बाहेरदेशी असतो. कोणी दुबईत गाडी चालवतो, कोणी रियाधमध्ये दुकान सांभाळतो, कोणी लंडनला शिकायला गेला आणि तिथेच नोकरीला लागला. जाताना पासपोर्ट, व्हिसा आणि करारपत्र यांची काळजी सगळेच घेतात. पाकिटात राहिलेल्या ड्रायव्हिंग लायसन्सकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. मग दोन-चार वर्षांनी बँकेचा निरोप येतो, ‘पत्त्याचा पुरावा द्या’. लगेच फोन होतो, ‘अम्मी, माझ्या लायसन्सचा फोटो पाठव.’

हा फोटो कुठे चालतो, कुठे चालत नाही आणि चालला तरी कुठे तो देऊ नये, हे या वेळी आम्ही मांडणार आहोत. उदाहरणाला भंडारदऱ्याचा परिसर घेतला आहे, कारण पत्त्याच्या बाबतीत होऊ शकणारे बहुतेक घोळ तिथे एकाच कागदावर सापडतात.

गाव एक, पत्ते अनेक

भंडारदरा अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, प्रवरा नदीवर आहे. धरणामुळे नाव सर्वदूर पोहोचले. पण तिथल्या माणसाच्या एका कागदावर ‘भंडारदरा’ असते, दुसऱ्यावर ‘शेंडी’, तर तिसऱ्यावर ‘मुक्काम शेंडी, पोस्ट राजूर’. गावच्या माणसाला हे सगळे एकच. दुबईतल्या किंवा मुंबईतल्या बँकेच्या टेबलावर बसलेल्या माणसाला मात्र ती तीन वेगळी गावे वाटतात.

पुढचा घोळ तालुक्याच्या नावाचा. आपला तालुका अकोले, आणि विदर्भात अकोला नावाचा अख्खा जिल्हा आहे. जुन्या इंग्रजी कागदांत आपल्या तालुक्याचे नावही पुष्कळदा ‘अकोला’ असेच लिहिलेले आढळते. पिनकोडही गोंधळात भर घालतो. अकोल्याचा पिन ४२२६०१ आणि संगमनेरचा ४२२६०५. हे ४२२ नाशिककडचे आकडे आहेत, जिल्हा मात्र नगरचा. संगणकात पिन टाकला की तो नाशिक दाखवतो आणि अर्ज अडतो.

त्यात २०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव बदलले. जुन्या लायसन्सवर, जुन्या पासपोर्टवर ‘अहमदनगर’ आहे आणि नव्या कागदावर ‘अहिल्यानगर’ येते. नाव बदलल्यामुळे जुना कागद रद्द होत नाही, तेव्हा घाबरून सगळे कागद एकदम बदलण्याच्या मागे लागू नये. पण परदेशात अर्ज भरताना जिल्ह्याचे नाव एकदा असे, एकदा तसे लिहू नये. पासपोर्टवर जे आहे तेच लिहावे, आणि विचारणा झाली तर नावबदलाच्या सरकारी अधिसूचनेची प्रत जोडावी.

लायसन्स कुठे चालते?

लायसन्स हा मुळात गाडी चालवण्याचा परवाना आहे. पत्त्याचा पुरावा हे त्याचे दुसरे काम, आणि ते काम प्रत्येक कचेरी सारखे मानत नाही.

बँकेत ते चालते. रिझर्व्ह बँकेच्या केवायसीच्या नियमांत अधिकृत कागदपत्रांची यादी आहे. तीत पासपोर्ट, ड्रायव्हिंग लायसन्स, आधार, मतदार ओळखपत्र, रोजगार हमीचे जॉब कार्ड आणि राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीचे पत्र एवढे कागद येतात. म्हणजे देशात राहणाऱ्या माणसाला नुसत्या लायसन्सवरही खाते उघडता येते.

पासपोर्ट काढताना चित्र वेगळे असते. तिथे लायसन्स जन्मतारखेचा पुरावा म्हणून घेतात, पण राहत्या पत्त्याच्या पुराव्यांच्या यादीत ते नाही. तिथे आधार, वीजबिल, गॅस जोडणी, मतदार ओळखपत्र, नोंदणीकृत भाडेकरार, फोटो असलेले बँक पासबुक असे कागद लागतात. सुट्टीत येऊन पासपोर्टचे नूतनीकरण करू पाहणाऱ्याने हे आधी लक्षात घ्यावे. महिनाभराच्या रजेतला आठवडा एका चुकीच्या कागदामुळे वाया जाणे कोणाला परवडत नाही.

परदेशातल्या कचेरीत आपल्या इकडच्या लायसन्सवरचा पत्ता जवळजवळ निरुपयोगी असतो. लंडनची बँक विचारते, तुम्ही लंडनमध्ये कुठे राहता? त्यावर शेंडीचा पत्ता दाखवून काय होणार? ब्रिटनमध्ये तिथल्या लायसन्सवर घराचा पत्ता छापलेला असतो, त्यामुळे ते पत्त्याचा पुरावा म्हणून सर्रास चालते. घर बदलले की तिथल्या खात्याला कळवावे लागते, नाहीतर एक हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. आखातात तसे नाही. तिथल्या लायसन्सवर बहुधा घराचा पत्ताच नसतो. तिथे राहण्याचा पुरावा म्हणजे इकामा किंवा त्या देशाचे ओळखपत्र, आणि घराचा भाडेकरार.

खरा प्रश्न बँकेच्या खात्याचा

आता ज्या ठिकाणी लायसन्स चालते, तिथलीच गोष्ट जरा थांबून पाहू. सर्वात मोठी चूक तिथेच होते.

समजा, भंडारदऱ्याकडचा एक तरुण नोकरीसाठी सौदीला गेला. गावच्या बँकेत त्याचे बचत खाते आहे. तो त्यातच पगार पाठवतो आणि अब्बा एटीएम कार्डाने पैसे काढतात. केवायसी नवी करण्याची वेळ आली. तो लायसन्सचा फोटो पाठवतो आणि अर्जावर ‘सध्याचा पत्ता’ म्हणून गावचे घर लिहितो. लायसन्स खरे, घर खरे, आई-वडीलही त्याच घरात. तरीही अर्जातली माहिती खरी नाही, कारण तो आज तिथे राहत नाही.

परकीय चलनाच्या कायद्याप्रमाणे नोकरीसाठी देश सोडणारा माणूस अनिवासी ठरतो. अनिवासी माणसाला साधे बचत खाते तसेच चालू ठेवता येत नाही. बँकेला कळवून ते एनआरओ खात्यात बदलून घ्यावे लागते. परदेशातली कमाई पाठवण्यासाठी वेगळे एनआरई खाते उघडता येते. एनआरओ खात्यात इकडचे उत्पन्न जमा होते, जसे घरभाडे किंवा शेतीचे पैसे. एनआरई खात्यातली रक्कम परत परदेशी नेता येते आणि तिच्या व्याजावर इथे आयकर लागत नाही. म्हणजे खरे सांगण्यात माणसाचा फायदाच आहे.

‘मग अब्बा पैसे कसे काढणार?’ ही घराघरातली खरी काळजी. त्याचीही सोय नियमांत आहे. एनआरई खात्यात देशात राहणाऱ्या जवळच्या नातेवाइकाचे नाव जोडता येते, आणि मुखत्यारपत्र देऊन त्याला घरखर्चासाठी व्यवहार करू देता येतो. दुसऱ्याचे एटीएम कार्ड आणि पिन वापरत राहण्यापेक्षा हा मार्ग सरळ आहे. उद्या मुलाला काही झाले आणि खाते अडले तर वडिलांच्या हातात कायदेशीर कागद असतो.

तेव्हा बँकेला दोन पत्ते द्यावेत. गावचे घर हा कायमचा पत्ता. त्याला लायसन्स किंवा पासपोर्ट लावावा. परदेशातले घर हा सध्याचा पत्ता. त्याला इकामा, भाडेकरार किंवा तिथला जो मान्य कागद असेल तो लावावा. दोन्ही पत्ते खरे आहेत. एकाच्या जागी दुसरा लिहिला की घोटाळा सुरू होतो.

मुदत संपण्याआधी

पुराव्याचा कागद मुदतीत असावा लागतो, आणि लायसन्सची मुदत परदेशात बसल्या बसल्या निघून जाते. २०१९ मध्ये मोटार वाहन कायदा बदलला. आता तिशीच्या आत लायसन्स काढले तर ते वयाच्या चाळिशीपर्यंत चालते. तीस ते पन्नास वयात काढले तर दहा वर्षे, पन्नास ते पंचावन्न वयात काढले तर साठीपर्यंत, आणि त्यानंतर पाच-पाच वर्षे. जुन्या लायसन्सना जुन्या नियमाची मुदत आहे, म्हणून कार्डावर छापलेली तारीखच पाहावी.

मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून ती संपल्यानंतर एक वर्षापर्यंत नूतनीकरण होते. त्याहून उशीर झाला तर गाडी चालवण्याची परीक्षा पुन्हा द्यावी लागते. परीक्षा म्हणजे स्वतः हजर राहणे आले. भंडारदऱ्याच्या माणसाचे आरटीओ श्रीरामपूरला, म्हणजे एमएच-१७. राजूर, अकोले, संगमनेर ओलांडून तिथे जायचे, तेही मोजक्या रजेत. त्यापेक्षा तारीख आधीच वहीत लिहून ठेवावी.

नूतनीकरण, दुबार प्रत, पत्ताबदल अशा कामांसाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये आधारच्या आधारे ऑनलाइन सोय केली. ही कामे सारथी पोर्टलवर होतात. पण त्यासाठी आधारवरचे नाव-पत्ता जुळायला हवा आणि आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू हवा. परदेशात गेल्यावर इकडचे सिम रिचार्जअभावी बंद पडते आणि ओटीपी येणेच थांबते. थोडा खर्च झाला तरी तो नंबर जिवंत ठेवावा. चाळिशीनंतर नूतनीकरणाला डॉक्टरचे प्रमाणपत्र लागते, हेही ध्यानात असू द्यावे.

नवे कार्ड पोस्टाने घरी येते. पत्ता अपुरा असेल किंवा घराला कुलूप असेल तर ते परत जाते. म्हणून लायसन्सवर घराचे किंवा वस्तीचे नाव, पोस्ट, तालुका, जिल्हा आणि पिन स्पष्ट असावा, आणि गावातल्या पोस्टमनला घरच्यांनी आधी सांगून ठेवावे.

परदेशात गाडी चालवायची असेल तर आंतरराष्ट्रीय परवाना वेगळा काढावा लागतो. तो आपल्या आरटीओकडून मिळतो आणि एक वर्ष चालतो. परदेशात असतानाच तो संपला तर भारतीय दूतावासामार्फत अर्ज करण्याची सोय जानेवारी २०२१ पासून आहे. हा परवाना गाडीपुरताच असतो. पत्त्याचा पुरावा म्हणून त्याचा उपयोग धरू नये.

नावाची गोष्ट

पत्त्याइतकाच घोळ नावाचा होतो, आणि आपल्या घरांत तो जास्त होतो. इंग्रजीत ‘शेख’ दोन-तीन तऱ्हांनी लिहिले जाते, ‘मोहम्मद’ चार तऱ्हांनी, आणि कधी नुसतेच ‘मोहं.’ असे तोडून. लायसन्सवर एक आणि पासपोर्टवर दुसरे असले की बँक विचारते, ही दोन माणसे की एक? पासपोर्टवरचे स्पेलिंग प्रमाण धरावे आणि बाकीचे कागद संधी मिळेल तसे त्याप्रमाणे करून घ्यावेत.

बहिणी-मुलींचा प्रश्न आणखी वेगळा. लग्नाआधी काढलेल्या लायसन्सवर वडिलांचे नाव आणि माहेरचा पत्ता असतो, पासपोर्टवर पतीचे नाव येते आणि राहणे मस्कत किंवा दोह्याला असते. लग्नानंतर नाव बदललेच पाहिजे असा कायदा नाही. वडिलांचे नाव कायम ठेवायचे असेल तर सगळ्याच कागदांवर ठेवावे. बदलायचे असेल तर निकाहनाम्याबरोबर विवाह नोंदणीचे प्रमाणपत्रही काढून ठेवावे. परदेशात फॅमिली व्हिसासाठी ते तसेही लागतेच.

सुट्टीत येताना

पावसाळ्यात रंधा धबधबा वाहू लागला की बाहेरची मुले सुट्टी काढून गावी येतात. पाहुणे, दावती, भटकंती सगळे व्हावे, पण त्यातले दोन दिवस कागदांसाठी राखून ठेवावेत. लायसन्सची तारीख पाहावी. आधारचा मोबाइल नंबर तपासावा. बँकेत जाऊन खाते कोणत्या प्रकारचे आहे ते विचारावे. आरटीओचे शिबिर तालुक्याच्या ठिकाणी असेल तर त्याची तारीख येण्याआधीच विचारून घ्यावी. लायसन्स डिजिलॉकरमध्ये उतरवून ठेवावे. देशात त्याला मूळ कागदाइतकाच मान आहे.

मतदार ओळखपत्राच्या भरवशावरही राहू नये. परदेशात राहणारा भारतीय नागरिक नमुना ६-अ भरून पासपोर्टवरच्या पत्त्याच्या मतदारसंघात नाव नोंदवू शकतो आणि मूळ पासपोर्ट दाखवून इथे येऊन मत देऊ शकतो. पण अशा मतदाराला ओळखपत्र दिले जात नाही.

आणखी एक सांगणे. लायसन्सचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून वाटेल त्याला पाठवू नये. ‘तुम्ही नसलात तरी काम करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटला ओटीपी तर मुळीच देऊ नये. त्याने अर्जात काय लिहिले ते आपल्याला दिसत नाही, सही मात्र आपली असते.

घरातल्या थोरांनी एवढे करावे: एक फाइल करावी, आणि बाहेर असलेल्या प्रत्येक मुला-मुलीच्या नावाने एका कागदावर पासपोर्ट, लायसन्स आणि व्हिसा संपण्याच्या तारखा, खात्याचा प्रकार, गावचा पत्ता आणि तिकडचा पत्ता लिहून ठेवावा. वर्षातून एकदा फोनवर ते वाचून दाखवावे. काही बदलले असेल तर त्याच दिवशी दुरुस्त करावे.