येळवशीचा पाऊस

मराठी ललित गद्यात पावसाने मोडलेली सहल ही बहुधा गोड आठवण असते. घाटात गाडी अडते, डबे भिजतात, कुणाच्या तरी ओसरीवर चहा मिळतो आणि तो किस्सा पुढे वर्षानुवर्षे रंगवून सांगितला जातो. या पावसाचा भूगोलही ठरलेला आहे: कोकण, सह्याद्री, फार तर पुण्याभोवतीचे डोंगर. तिथे पाऊस हक्काने येतो, म्हणून त्याच्या त्रासावर प्रेम करणे परवडते.

सोनपेठच्या शिवारात एका वेळ अमावास्येला आम्ही जे पाहिले, ते या साच्यात बसत नाही.

वेळ अमावास्या, बोलीतली येळवस, ही आमच्या भागाची खरी सहल. तिचा मोठा थाट लातूर-धाराशिवकडे. पण आमच्याकडेही त्या दिवशी घरे ओस पडतात आणि शेते भरतात. कडब्याची कोप, तीत मांडलेले पाच पांडव, मडक्यात ताकाची आंबील, हिरव्या दाण्यांची भज्जी, बाजरीचे उंडे. ज्याला शेत नाही त्यालाही कुणीतरी बोलावतेच. आम्ही असेच बोलावलेले: चार-पाच सहकारी, त्यांची कुटुंबे आणि पुण्याहून आलेले एक नातलग दांपत्य.

पूजा झाली, पाने मांडली आणि वारा सुटला. पाहता पाहता पाऊस आला. मुले नाचू लागली, पुण्याच्या पाहुण्यांनी कॅमेरा काढला आणि खरे सांगायचे तर आम्हीही हरखलो. यजमान मित्र मात्र बांधापलीकडे पाहत होता. तिथे कापून टाकलेली तूर उघड्यावर होती, शेजारी वेचणीला आलेला कापूस. ताडपत्री एकच. मित्राच्या वडिलांनी ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर आमच्या डोक्यावर ताणली आणि म्हणाले, "लेकरायला जेवू घाला अगोदर."

आम्ही जेवलो. आंबील उत्तम होती.

ताडपत्रीचा हिशेब आम्हांला परतताना कळला. जीप काळ्या मातीत रुतली होती आणि ती ओढून काढायला पुन्हा तेच वृद्ध गृहस्थ आले. तोवर तूर भिजून गेली होती.

तेव्हापासून वर्गात पावसावरचे ललित लेखन शिकवताना आम्ही अडखळतो. दोष लेखनाचा नाही. दुर्गा भागवतांच्या 'ऋतुचक्रा'त (1956) निसर्ग जसा निरखला गेला, तसा निरखण्याची ताकद फार थोड्यांत असते. आमची तक्रार अभ्यासक्रमावर आहे, आणि तो शिकवणाऱ्या आम्हां मंडळींवर. सौंदर्याचा पाऊस आपण ललित गद्याच्या तासाला शिकवतो. पिकाचा पाऊस 'ग्रामीण साहित्य' नावाच्या वेगळ्या तासाला. परभणीचे कवी इंद्रजित भालेराव यांच्या एका संग्रहाचे नाव 'पीकपाणी' आहे. पीक आधी, पाणी मागून, हा नुसता बोलीचा क्रम नव्हे असे आम्हांला वाटते; पण तो संग्रह आपण दुसऱ्याच कप्प्यात ठेवून मोकळे होतो. येळवशीच्या दिवशी मात्र दोन्ही पाऊस एकाच शेतात, एकाच वेळी पडत होते, आणि ललित गद्यातला 'आम्ही' ताडपत्रीखाली बसून भज्जी खात होता.

कुणी म्हणेल, मग पाहुण्याने आनंद घेऊच नये काय? घ्यावा. यजमानालाही तेच हवे होते. आमची मुले कोरडी राहिली याचे समाधान त्याच्या वडिलांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होते. त्यांना कीव नको होती. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चातली गारपीट मराठवाड्याने सोसली आहे; तिच्यापुढे एका दुपारची सर ती काय! म्हणूनच त्या प्रसंगाला निव्वळ शोकाचा सूरही शोभत नाही. असे काही लिहायचे तर आनंद आणि नुकसान एकाच वाक्यात मावेल असे गद्य हवे, आणि ते आम्हांला तरी अजून साधलेले नाही.

चार दिवसांनी तुरीची चौकशी केली, तेव्हा मित्र एवढेच म्हणाला, "वाळायला घातलीय. बाबा विचारत होते, जीप नीट पोचली का?"