गिझर आत आला, धुराडे कुठे गेले?

दिवाळीच्या आदल्या दिवशी गिरगावातल्या एखाद्या जुन्या घरात अजूनही माळ्यावरचा तांब्याचा बंब खाली काढला जातो. चिंच लावून तो लख्ख घासायचा, पहाटे मधल्या नळीत करवंट्या आणि लाकडाच्या ढलप्या पेटवायच्या, की अभ्यंगस्नानाचे पाणी तयार. वर्षातून एकदा करायची हौस एवढेच आता त्याचे स्थान उरले आहे. पण बंबाची रचना आजही समजून घेण्यासारखी आहे. मधोमध जाळाची उभी नळी आणि तिच्याभोवती पाणी. खालच्या जाळीतून हवा आत येते, वरच्या तोंडातून धूर बाहेर पडतो आणि जाता जाता आपली उष्णता पाण्याला देतो.

थंड देशांत हीच कल्पना घरभर पसरली. इंग्लंड-आयर्लंडमध्ये अनेक घरांत लाकूड किंवा कोळसा जाळणाऱ्या शेगडीला पाण्याची टाकी जोडलेली असते. तापलेले पाणी नळ्यांमधून खोल्याखोल्यांत फिरते आणि घर उबदार ठेवते. मुंबईला घर तापवायचे नसते, फक्त आंघोळीचे पाणी तापवायचे असते. नियम मात्र दोन्हीकडे एकच आहे. जाळाला बाहेरची हवा मिळाली पाहिजे आणि त्याचा धूर घराबाहेर गेला पाहिजे.

बंबाच्या काळात हा नियम कोणाला शिकवावा लागत नसे. धूर डोळ्यांत जाई, म्हणून बंब आपोआप गॅलरीत किंवा मागच्या अंगणात जाई. त्या धुराने फुफ्फुसांचे नुकसान होतच होते. ते दिवस परत यावेत असे कोणी म्हणणार नाही. पण धोका निदान दिसत होता. फसगत होई ती कोळशाच्या शेगडीपाशी. शेगडी बाहेर पेटवायची, धूर थांबून निखारे लाल झाले की घरात घ्यायची आणि दारे-खिडक्या लावून बाळंतिणीला शेक द्यायचा. धूर संपला म्हणजे धोका संपला, असा समज होता. खरे तर त्या बिनधुराच्या निखाऱ्यांतूनच कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडत असतो. त्याला रंग नाही, वास नाही.

तोच समज आता गॅस गिझरबरोबर न्हाणीघरात शिरला आहे. निळी ज्योत, चकचकीत पांढरा डबा, धुराचा लवलेश नाही. मग भीती कसली? शिवाय गॅस गळला तर वास येईलच, हा भरवसा. पण तो वास न जळलेल्या गॅसमध्ये मुद्दाम मिसळलेल्या द्रव्याचा असतो. अर्धवट जळलेल्या गॅसमधून तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडची खबर नाक देत नाही.

हिशेब साधा आहे. मिनिटाला सहा लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला सुमारे १० किलोवॅट उष्णता लागते, म्हणजे स्वयंपाकाचे चार-पाच मोठे बर्नर एकदम पेटवण्याइतकी. त्यासाठी मिनिटाला साधारण २०० लिटर हवा लागते, मग गॅस सिलिंडरचा असो वा पाइपचा. ४ फूट रुंद, ६ फूट लांब आणि ८ फूट उंच न्हाणीघरात हवा असते जेमतेम साडेपाच हजार लिटर. दार-खिडकी घट्ट बंद असेल, तर पंधरा मिनिटांच्या आंघोळीला गिझर त्यातल्या निम्म्याहून अधिक हवेइतकी मागणी करतो. प्राणवायू कमी पडू लागला की ज्वलन अपुरे होते आणि विष तयार होते.

हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. आधी डोके दुखते, चक्कर येते, मळमळते. मग पायांतली शक्ती जाते आणि कडी काढायलाही हात उठत नाही. बाहेरच्यांना वाटते, गरम पाण्याने भोवळ आली किंवा पित्त झाले. बोटाला लावायचा ऑक्सिमीटरही येथे फसवतो, कारण साध्या ऑक्सिमीटरला या वायूने व्यापलेले रक्त प्राणवायूने भरलेले वाटते. म्हणून अशा वेळी दार उघडून किंवा तोडून माणसाला आधी मोकळ्या हवेत आणावे, गॅस बंद करावा, रुग्णालय गाठावे आणि ‘घरात गॅस गिझर आहे’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. उपचार शुद्ध प्राणवायूचा असतो आणि त्यात वेळेला किंमत असते.

पण उपचारापेक्षा जागा बदलणे सोपे आहे. गॅस गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेच्या गॅलरीत असावा. आत फक्त गरम पाण्याचा नळ यावा. धूर बाहेर नेणारी नळी हवीच. एक्झॉस्ट पंखा तिची जागा घेऊ शकत नाही. बंद खोलीत तो उलट नळीतला धूर आत ओढू शकतो. हे जमत नसेल, तर विजेचा गिझर बरा.

ही जबाबदारी एकट्या कुटुंबावर टाकणेही बरोबर नाही. लालबाग-परळच्या चाळी टॉवर होत आहेत. बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या खोलीच्या जागी ५०० चौरस फुटांचे घर मिळते आहे. पुनर्विकासाच्या बैठकांत चौरस फूट, कॉर्पस आणि पार्किंग यांवर तासन्‌तास वाद होतात. गिझर कुठे बसेल आणि त्याची नळी कुठून बाहेर जाईल, हाही प्रश्न नकाशावर सही करण्यापूर्वी विचारला गेला पाहिजे. इंग्लंडमध्ये भाड्याच्या घरांत लाकूड-कोळशाची शेगडी असलेल्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र २०१५ पासून सक्तीचे झाले आणि २०२२ मध्ये हा नियम गॅसच्या बॉयलरलाही लागू झाला. इंधन स्वच्छ दिसते म्हणून सूट देता येत नाही, हे तिथल्या कायद्याने मान्य केले.

चाळीतल्या बंबाला धुराडे होते आणि समोर मोकळी गॅलरी होती. नव्या घरात बंब नको, पण त्या दोन गोष्टी हव्यातच.