थकवा म्हणजे आळस नव्हे

लांब पल्ल्याच्या धावपटूचे पाय पुरेशा झोपेनंतरही जड राहिले, वेग मंदावला, की त्याच्यावर आळशीपणाचा शिक्का बसतो. हा अन्याय आहे. शरीरातील लोहाचा साठा घटला तरी हिमोग्लोबिन काही काळ सामान्य राहू शकते. म्हणून वैद्यकीय सल्ल्याने फेरिटिनही तपासावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार निरोगी प्रौढांत ते लिटरमागे 15 मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असल्यास लोहाची कमतरता मानतात. मासिक पाळीमुळे मुलींना हा धोका अधिक. अपुरा आहार व विश्रांतीविना सराव यांनीही शरीर खचते. अहवालांत काहीच आढळले नाही, तरी खेळाडूच्या शब्दावर विश्वास ठेवून सराव कमी करावा. वसतिगृहात मुले आपल्या भरवशावर राहतात; त्यांचे दुखणे ऐकून घेणे हे पालक, शिक्षक व प्रशिक्षक या सर्वांचेच कर्तव्य आहे.